दगडूशेठ आणि दगड्या

गणेशोत्सवात पुण्यात ज्या नावापुढे लाखोंची रांग लागते, ते नाव मुळात एका मिठाईच्या व्यापाऱ्याचे आहे: दगडूशेठ हलवाई. १९७८ साली ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले, त्याच्या लेखकाचे घरचे नावही दगडूच होते, दगडू मारुती पवार. मराठी वाचक त्यांना दया पवार म्हणून ओळखतात. एकच नाव एका जागी देवळाच्या कमानीवर चढले आणि दुसऱ्या जागी पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंतही पोचले नाही. अर्थ पाहावा तर दोन्हीकडे दगड तो दगडच. मराठीत या नावांचे गणगोत मोठे आहे. धोंडू, धोंडिबा, दगडू, केरू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकू, भिकाजी, फकिरा, कोंडिबा, नथू. बायकांत धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई. शिकल्यासवरल्या माणसांची या नावांबद्दल दोन ठरीव मते असतात. एक, अडाणी आईबापांना बरे नाव सुचले नाही. दुसरे, वरच्या जातींनी खालच्यांवर ही नावे लादली. पहिले मत साफ चुकीचे आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते बोट चुकीच्या जागी ठेवते. पुरावे नीट लावले तर असे दिसते की ही नावे मुळात मूल जगावे म्हणून योजलेली होती. जातीचा अपमान नावापेक्षा त्याला जोडलेल्या शेपटात होता. आणि ‘नकुशा’ हे नाव आपण सरसकट यांच्याच पंगतीला बसवतो, त्याची जात मात्र वेगळी आहे.

ज्या घरात मुले होत पण जगत नसत, तिथले सोपस्कार पाहिले की नावांचा उलगडा आपोआप होतो. जन्मलेले मूल सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे. शेजारीण किंवा सुईण ‘सापडले’ म्हणून ते उचलून आणायची, आणि आईने मूठभर कोंडा किंवा एखादा पैसा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचे. उकिरड्यावरचा तो उकिरडा किंवा केरू, कोंड्याच्या मोबदल्यात आलेला तो कोंडाजी किंवा कोंडिबा. दारोदार मागून आणलेल्या कपड्यांवर आणि दाण्यांवर वाढवला तो भिकू. मुलग्याचे नाक टोचून त्यात नथ अडकवायची, त्याला मुलीचे कपडे घालायचे, तो नथू. गांधीजींचा खून करणाऱ्या गोडसेचे नाव मुळात रामचंद्र. आधीचे मुलगे दगावल्यामुळे त्याचे नाक टोचले आणि तो नथुराम झाला. या सगळ्या खटाटोपात एक हिशेब आहे. पाचवीला येणारी सटवाई असो, कुणाची दृष्ट असो की आणखी काही. जे काही मुले नेते ते चांगले तेच नेते. तेव्हा आपल्याकडे नेण्याजोगे काही नाही, जे आहे ते आपले नाही, आणि जे आपले आहे ते फुकटातले आहे, असे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रोज म्हणायचे. रोज आणि मोठ्याने म्हटली जाणारी गोष्ट म्हणजे नाव. विधी एका दिवसात उरकतो, पण हाक मारताना तोच विधी दिवसातून वीस वेळा होतो.

हे मी आज बसून लावलेले तर्कट नाही. आर. सी. टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने पंजाबी खेडुतांच्या नावांवर १८८३ साली पुस्तक लिहिले, ते छापले गेले मुंबईत. त्यात अशा हीन नावांची सविस्तर चर्चा आहे. सुपात घालून फरफटवलेला घसीटा तिकडचा, कूडा आणि कचरूही तिकडचेच. आपल्याकडे शाळामास्तरांना प्रश्नावली धाडून गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती जमवल्या गेल्या. जमवणारा ए. एम. टी. जॅक्सन म्हणजे १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळी घातली तोच कलेक्टर. त्याच्या मागे आर. ई. एन्थोवेनने ती टिपणे १९१४-१५ मध्ये दोन भागांत काढली. मास्तरांनी लिहून पाठवलेल्या त्या उत्तरांमध्ये भूतबाधा, नवस, दृष्ट, पाऊस लांबणे आणि मूल न जगणे हे सगळे एकाच सुरात येते, आणि हे महत्त्वाचे आहे. नाव ठेवणे हा तिथे हौसेचा प्रकार नाही, उपायांच्या यादीतला एक उपाय आहे. त्या काळात हिंदुस्थानात जिवंत जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि त्यापुढे देवी, गोवर, हगवण होतेच. २०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ इतका खाली आला. दोनशेच्या जगात तीन-तीन मुले पुरलेली आई ही अपवादात्मक बाई नव्हती. तिच्या चौथ्या मुलाचे नाव ‘चिरंजीव’ ठेवणे तिला धाडसाचे वाटले तर नवल नाही.

हा हिशेब फक्त मराठी असता तर तो इथल्या जातिव्यवस्थेच्या किंवा इथल्या देवदेवतांच्या खात्यावर टाकता आला असता. तसे नाही. बंगालमध्ये मूल कवड्या देऊन विकत घेत, म्हणून तिनकडी, पाचकडी, सातकडी. पाचकडी डे हे तर बंगालीतले नावाजलेले रहस्यकथाकार. खुदीराम बोस यांच्या आधीचे दोन मुलगे गेले होते, म्हणून आईने त्यांना थोरल्या मुलीला तीन मुठी खुदीला, म्हणजे तांदळाच्या कण्यांना, विकले. तेच नाव पडले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये मुजफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणात ते अठराव्या वर्षी फासावर गेले. त्याच प्रकरणावर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या काळच्या महाराष्ट्राच्या तोंडी असलेले हे नाव कोंडाजीचे सख्खे भावंड होते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला थोर कवी सिमा श्यांगरू याला आईबाप लहानपणी ‘कुत्र्याचे पोर’ म्हणत, अशी नोंद प्राचीन चिनी इतिहासग्रंथात आहे. कुत्र्याने खाऊन उरलेला अशा अर्थाची नावे तिथल्या खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत होती. कोरियाचा राजा गोजोंग लहानपणी घरात कुत्र्याच्या विष्ठेच्या नावाने ओळखला जाई असे तिकडे सांगतात. मंगोल लोकांत ‘निनावी’, ‘हा तो नव्हे’, ‘माणूस नव्हे’ अशा अर्थाची नेरगुई, एनेबिश, हुनबिश ही नावे आजही भेटतात. रशियात कुरूप अशा अर्थाचे नेक्रास हे जुने नाव; त्यापासून झालेले नेक्रासोव्ह हे आडनाव एकोणिसाव्या शतकातल्या एका मोठ्या कवीने मिरवले. कवड्या, कुत्रा, कोंडा आणि नकार यांचा एकमेकांशी संबंध नाही. या लोकांनी एकमेकांपासून ही युक्ती उचलली असावी असेही मानता येत नाही. सगळीकडे समान होते ते रिकामे पाळणे.

सगळेच मृत्यूला फसवत होते असेही नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांची समजूत अशी की पुन्हा पुन्हा मरणारे मूल एकच असते; ते येते आणि हौसेने परत जाते. तेव्हा ते नावातून मुलाचीच विनवणी करतात: आता जाऊ नकोस, थांब आणि सुख भोग. १८४५ ते १८५१ या काळात लागोसवर राज्य करणाऱ्या राजाचे नाव कोसोको होते. त्याचा अर्थ असा की कुदळ शिल्लक नाही, म्हणजे तुझ्यासाठी खड्डा खणायला आता हत्यारच नाही. इग्बो लोकांतली अशी नावे चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या कादंबरीमुळे जगभर पोचली. त्यातली एक आई मुलांच्या नावांतून थेट मृत्यूपुढे पदर पसरते. आपल्या नावांत ही उघड याचना दिसत नाही. आपल्याकडे सौदा आहे आणि बतावणी आहे. पण दोन्हीकडचे नाव ज्याचे आहे त्याच्याच जिवासाठी खर्ची पडते, हा मुद्दा पुढे कामी येईल.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की धोंडा काही कचरा नव्हे. शेंदूर फासला की तो देव होतो, आणि नुसता असला तरी टणक असतो. दगडासारखा टिकू दे एवढाच त्या नावाचा आशय का नसावा? असेल, काही घरांत असेलही. एका नावात दोन हेतू सुखाने नांदू शकतात. पण केरू, कचरू आणि उकिरडा यांत टणकपणा कुठून आणायचा? दगडूचा अर्थ लावताना त्याची भावंडे विसरून चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्यात जन्मलेल्याचे नाव धोंडू ठेवण्याची चाल होती, तेव्हा धोंडू हे बुधा, सोम्या, मंगळू यांच्यासारखे पंचांगी नाव ठरते. हे खरे, पण किती खरे ते मोजता येते. एकोणीस वर्षांत अधिक महिने सात येतात, म्हणजे दोनशे पस्तीस महिन्यांत सात. शंभर मुलांत तीन. एवढ्या तुटपुंज्या खाणीतून गावोगावचे धोंडू निघणार नाहीत. आणि दगडू, भिकू यांना तर पंचांगाचा आधारही नाही.

तिसरा आक्षेप इजिप्तमधून येतो. रोमन अमलाखालच्या इजिप्तमधल्या कागदपत्रांत कोप्रेउस, कोप्रिया अशी ग्रीक नावे भरपूर आढळतात आणि त्यांचा अर्थ थेट आपला उकिरडा. अभ्यासकांपैकी काहींचे म्हणणे असे की यात बतावणी कसली, ही मुले खरोखरच उकिरड्यावर टाकलेली होती आणि कुणीतरी उचलून वाढवली. टाकत होते यात शंका नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या वर्षी अलेक्झांड्रियाला कामासाठी गेलेल्या हिलारियॉन नावाच्या माणसाने घरी बायकोला लिहिलेले पत्र सापडले आहे. त्यात तो घरच्यांची विचारपूस करतो, मजुरी हाती आली की पैसे धाडतो म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाक. उकिरड्यावरून उचललेले मूल दत्तक घेणाऱ्याच्या मालमत्तेचे काय करायचे याचे नियमही त्या राज्यात होते. तरीसुद्धा कोप्रेउस नावाच्या कित्येकांचे आईबाप कागदावर नमूद आहेत, आणि घराण्यात हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दिसते. चौथ्या शतकातला एक नामांकित ख्रिस्ती तपस्वीही कोप्रेसच होता. तेव्हा नुसत्या नावावरून निवाडा होत नाही. खरोखर टाकलेले मूल आणि टाकल्यासारखे केलेले मूल यांना समाज एकच नाव देऊ शकतो. नावाच्या इतिहासात ही अडचण कायमची आहे. ती ओलांडायची तर शब्द सोडून त्याच्या भोवतालचा व्यवहार पाहावा लागतो.

आता जातीचा प्रश्न. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे किळस यावी असे असावे, असे तिथे सांगितले आहे. हा नियम वाचल्यावर कचरू आणि धोंड्या यांचा उगम सापडला असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नियम आणि वस्तुस्थिती यांत फरक पडतो. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत अजीगर्त नावाच्या ऋषीला तीन मुलगे आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावे कुत्र्याच्या शेपटाभोवतीच घुटमळतात, आणि घर ब्राह्मणाचे आहे. अलीकडे यावे तर १८५७ मधल्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. महर्षी कर्वे हे धोंडो केशव. १९०७ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकावणाऱ्या मॅडम कामा या मुंबईच्या सधन पारशी घरातल्या, आणि नाव भिकाईजी. १६७३ मध्ये साठ गडी घेऊन पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद. देवी आणि हगवण जात विचारून येत नसत, म्हणून या नावांनाही जात नव्हती.

मग दगडू पवारांना हे नाव का टोचावे आणि हलवायांना का टोचू नये? मनूनेच पुढच्या श्लोकात उत्तर ठेवले आहे. तिथे नावाच्या उत्तरार्धाचा नियम आहे: ब्राह्मणाच्या नावाला कल्याणाची जोड, क्षत्रियाच्या नावाला रक्षणाची, वैश्याच्या नावाला समृद्धीची आणि शूद्राच्या नावाला चाकरीची. मराठी मुलखात पूर्वार्धाचा नियम कुणी फारसा पाळला नाही. उत्तरार्धाचा मात्र, मनूचे नावही न ऐकलेल्यांनी, रोजच्या बोलण्यात काटेकोर पाळला. धोंडो या एका नावाचे ब्राह्मणवाड्यात धोंडोपंत झाले, पाटलाच्या वाड्यात धोंडजी, कुणबी वस्तीत धोंडिबा, पेठेत धोंडूशेट आणि महारवाड्यात धोंड्या. आईबापांनी मृत्यूला ऐकवण्यासाठी ठेवलेला अर्धा भाग सगळ्यांचा सारखा होता; समाजाने जोडलेला अर्धा भाग वेगवेगळा निघाला. पंत, जी, बा, शेट यांची झूल पडली की आतला धोंडा कुणाला दिसत नाही. ‘या’ लावला की तो उघडा पडतो, कारण आता तो धोंडा खरोखरच धोंडा म्हणून हाकारला जातो. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांच्या पोराने ‘अरे धोंड्या’ म्हणावे ही व्यवस्था नामकरणाची नाही, हाकेची आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या घरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे लाटेसारखी आली. त्यात एका धर्माचा स्वीकार होता आणि जोडीला एक व्यावहारिक शहाणपणही होते: सिद्धार्थला ‘या’ लावून चिरडणे जिभेला जड जाते.

राहिली नकुशा. तीन-चार मुलींवर आणखी एक झाली की तिचे नाव नकोशी, नकुशा ठेवायचे, ही रीत सातारा आणि आसपासच्या भागात इतकी रुळली होती की २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जाहीर समारंभ करून २८५ मुलींची नावे बदलावी लागली. अशी नावेही जगभर आहेत. बंगालीत आन्नाकाली, म्हणजे कालीमाते, आता आणखी नको. तमिळमध्ये वेंडाम, म्हणजे नको. तुर्की येतेर, म्हणजे पुरे. चिनी झाओदी, म्हणजे पाठीवर भाऊ आण. वरवर पाहता नकुशा ही एनेबिशचीच बहीण वाटते, आणि कुणी असेही म्हणेल की हीही दैवाशी केलेली बोलणी आहेत, मग धोंडूला एक न्याय आणि नकुशाला दुसरा का? कारण बोलणी कुणासाठी चालली आहेत हे पाहावे लागते. धोंडूच्या नावाने होणारा लाभ, झालाच तर, धोंडूला होणार. नकुशाच्या नावाचा लाभ अजून जन्माला न आलेल्या भावाला. ती त्या सौद्यातली नुसती रक्कम आहे. धोंडूचे आईबाप मोठ्याने खोटे बोलत होते, कारण तो त्यांना हवा होता. नकुशाचे आईबाप खरे बोलत होते. मुलींना सगळीकडे असेच वागवले असा निष्कर्षही यातून काढू नये. दगडाबाई, धोंडाबाई, भिकाबाई ही नावे ज्या घरांत ठेवली गेली, त्या घरांना मुलगी मरू द्यायची नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके यांचे नाव याच मुशीतले. तेव्हा एकाच गावात दगडाबाई आणि नकुशा शेजारी राहत असतील, तर दोघींच्या नावांत दोन घरांचे दोन वेगळे निर्णय नोंदलेले आहेत.

ही नावे का गेली, यावर सिनेमा आणि शिक्षण हे उत्तर झटपट मिळते. त्यात तथ्य आहे, पण बालमृत्यू घटले हे त्याआधीचे कारण, आणि त्याच्या जोडीला आणखी एक आहे ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. बतावणीचे नाव कायमचे राहील असा कुणाचा बेत नसायचा. पाळण्यातले खरे नाव वेगळे असे, आणि पोर धोक्याबाहेर गेले की लग्नाच्या वेळी किंवा त्याआधीच ते पुढे आणता येई. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा एक कायदा १८८६ मध्ये झाला होता, पण ती नोंद ऐच्छिक होती. सक्तीची झाली १९६९ च्या कायद्याने. दरम्यान खेड्यातल्या माणसाचे नाव पहिल्यांदा शाईने उमटले ते शाळेच्या रजिस्टरात. मास्तरांनी जन्मतारीख विचारली, ती कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी १ जून टाकली. नाव विचारले, पोराला घरात ज्या हाकेने बोलावत तीच हाक त्याने सांगितली. सटवाईला चकवण्यासाठी योजलेले नाव अशा रीतीने शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चढले, तिथून नोकरीच्या अर्जावर, सातबाऱ्यावर आणि मतदार यादीत. मृत्यूशी करायची बोलणी सरकारदरबारी नोंदवली गेली की मागे घेता येत नाहीत, राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. हे ध्यानात आल्यावर आईबापांनी दोन नावे ठेवण्याचा खेळ आटोपता घेतला, आणि रजिस्टरात शोभेल असे एकच नाव ठेवू लागले. मराठी रिवाजात बापाचे नाव मधे येते, त्यामुळे दगडू आणि धोंडिबा लगेच नाहीसे झाले नाहीत. मुलाचे नाव संजय किंवा सुनील पडले, तरी दाखल्यावर मधल्या जागी दगडू आणखी एक पिढी टिकला. नातवाच्या दाखल्यावर मधली जागा संजयने घेतली.